मढवणी

पालिकेने एकतीस चित्रं पाठवली मढवायला,
साडीच्या खोक्यात, वर जावक क्रमांक.
ठाणाच्या आत घालतात त्या निळ्या पुठ्ठ्यावर
माणसं रंगवून, कापून, मग चिकटवलेली.
कात्री शिंप्याची, हे मला लगेच कळलं;
बगलेच्या वळणावर कुठेच अडखळत नाही.

लोटन शिंपी. पारोळे. बेचाळीस, त्रेचाळीस.
कोपऱ्यात शिसपेन्सिलीने एवढंच.
गेरू, नीळ, हळद, चिमणीची काजळी.
हिरवा कशाचा काढला होता कोण जाणे,
वांग्याच्या पानांचा असेल,
तो सगळ्या चित्रांतून उडून गेलाय.
कचेरीवर चढणाऱ्या झेंड्याची खालची पट्टी
आता भाकरीच्या करपल्या कडेसारखी.

झेंड्याची काठी रथाच्या दोरखंडाने आवळलेली.
भाषण करणाऱ्याच्या उघड्या तोंडात
लाल कागदाचा तिळाएवढा तुकडा.
मी भिंग लावून पाहिला.
जीभसुद्धा त्याने वेगळी कापली होती.

विलायती कापडाच्या होळीत एक कोट आहे.
जाळ काढलाय भराभर, हाताला येईल तसा,
पण कोटाची पाचही काजं टाक्यासकट.
मागे लिहिलंय: हाऊ कोट मीच शिवेल व्हता.

चौकात निंबाचं रोप लावलं, स्वराज्याचं म्हणून,
त्याला हार घातला, मुलांना गूळ वाटला.
पुढच्या चित्रात तोच चौक, माणूस नाही,
शेळी आहे. हार निम्मा तिच्या तोंडात.
त्यापुढच्यात रोपही नाही.

आणि मग बाकीची.
रॉकेलची रांग, बाटल्यांच्या गळ्यात सुतळ्या.
पळकाठ्यांवर वांगी भाजताना डोळे चोळणारी पोरगी.
न्हाव्यापुढे मान देऊन बसलेला तुरुंगातून सुटलेला मास्तर.
लोटनच्याच ओट्यावर शिपाई, उघडाबंब,
सदऱ्याचं बटण लावून होईस्तोवर
लाठी मांडीवर घेऊन, तान्ह्या पोरासारखी.

प्रत्येक चित्रात एक बाई आहे.
जांभळं लुगडं, डोक्यावर घागर, पाठमोरी.
झेंडावंदनात ती अगदी कडेला, अर्धीच;
पुढचं पाऊल पुठ्ठ्याबाहेर गेलेलं.
मागे अक्षर जरा दाबून काढलंय:
मन्ही बायको. थांबनी नही.

साहेब म्हणाले, सोहळ्यांची अकरा घ्या,
सभागृहात शोभतील.
रॉकेलची रांग कोण बघणार, मेहरूनबाई?
आणि चहूबाजूंनी दोन इंच पांढरी पट्टी सोडा,
भारदस्त दिसतं.
दोन इंचांत ती बाई जात होती.
जीभ राहत होती.

अब्बांचा हिरा अजून चालतो. काच कापताना
तो कुरकुरला की ते म्हणायचे, बोलू दे त्याला,
तू हात हलवू नकोस.
झेंडावंदनाची उजवी पट्टी मी बोटभर सोडली.
साहेबांच्या लक्षात आलं नाही,
किंवा आलं असेल, त्यांची बदली जवळ होती.

अकरांच्या पाठीला पाठ लावून
मी दुसरी अकरा बसवली. खिळे बारीक मारले.
उरली नऊ, ती खोक्यातच, माझ्या फळीवर,
शिपाई सोडून. त्याला मी दुकानात लावलाय,
गिऱ्हाईक विचारतं, हा कोण तुमचा?
मी सांगते, बटण लागायचंय त्याचं.

बिल अकराचंच केलं.
दोनदा हॉलमध्ये जाऊन आले त्यासाठी.
सभा चालू होती, पाणीपट्टीवर कुणीतरी तावातावाने उठलेलं,
वर अकरा सोहळे, काचेवर पंख्यांची सावली.
आणि त्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून,
गळ्याला सुतळी बांधलेल्या बाटल्या घेऊन
रांग उभी.